रोल भरू, कापड निळं करू की निगेटिव्ह कानात घालू?

ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. "ताई, मोबाईलवर फोटो काढून कंटाळा आला. हाताने काहीतरी करायचंय. दहा हजार साठलेत. जुना कॅमेरा घेऊ, ते उन्हात निळं कापड करतात ते करू, की तुमच्यासारखे निगेटिव्हचे झुमके?" तिन्ही उद्योग मी सोलापुरात, भाड्याच्या घराच्या गच्चीवर करून बसले आहे. तिला म्हटलं, दहा हजारांचं नंतर बघू, तुमच्या नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते आधी सांग.

ती हसली, पण मी थट्टा करत नव्हते. उजनी धरण काठोकाठ भरलं तरी आपल्याकडे पाणी रोज येत नाही. आणि या तिन्हींत दोन कामं पाण्याची आहेत.

फिल्मपासून सुरू करते, कारण मोह तिचाच सगळ्यात मोठा. रोलमध्ये 36 फोटो. संक्रांतीला भरणाऱ्या आपल्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची मिरवणूक समोर असताना शिल्लक आठ फोटो मोजत उभं राहणं काय असतं, ते केल्याशिवाय कळत नाही. खटका दाबायला घाबरायला होतं आणि त्या भीतीनेच डोळा तयार होतो. पण रोल भरल्यावर पुढे काय? रंगीत रोल धुवायला रसायन जवळपास 38 अंशांवर लागतं आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, पाव अंश इकडेतिकडे झालेलंही चालत नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपोआप तिथवर पोचतं हे खरं, पण तिथे थांबत नाही! मी रंगीत रोल कुरिअरने पुण्याला पाठवते आणि दर वेळी रोलच्या किमतीत हा खर्च धरायला विसरते.

कृष्णधवल रोल घरी धुता येतो. त्याला साधारण 20 अंश लागतात, म्हणजे आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम. उन्हाळ्यात बर्फाच्या पिशव्या घालून करून पाहिलं. डेव्हलपर थंड झाला, धुवायचं पाणी गरम राहिलं आणि फिल्मवरचा जिलेटिनचा थर सुरकुतला. चेहऱ्यांवर भेगाळलेल्या रानासारखी जाळी उमटली. एका मित्राला ती फार कलात्मक वाटली. मला रोल वाया गेल्याचं दुःख होतं. फिक्सरनंतर, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनानंतर, नळ सोडून धूत बसायची मात्र गरज नाही. फिल्म असलेल्या बंद डब्यात पाणी भरून 5 वेळा उलटंपालटं करायचं, ओतायचं. मग 10 वेळा, मग 20 वेळा. तीन डबे पाण्यात काम होतं. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो मोरीत ओतू नका.

आता निळं कापड. याचं नाव सायनोटाइप. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये ही पद्धत काढली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळांचे ठसे घेऊन तिचं पुस्तक केलं. इंजिनिअरांची ब्लूप्रिंट हे याचंच पोर. कॅमेरा लागत नाही, अंधारी खोली लागत नाही. फेरिक अमोनियम सायट्रेट 25 ग्रॅम 100 मिलि पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड 10 ग्रॅम दुसऱ्या 100 मिलि पाण्यात. मंद पिवळ्या दिव्यात दोन्ही द्रावणं सारख्या मापाने मिसळायची, कापडाला लावायची, कापड अंधारात वाळवायचं. वर पान किंवा निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. आपल्याकडे ऊन विकत घ्यावं लागत नाही. मेमध्ये माझं काम पाच-सात मिनिटांत होतं, जानेवारीत दुप्पट वेळ जातो. नंतर साध्या पाण्यात पिवळेपणा जाईपर्यंत धुतलं की निळं उरतं. फेरिसायनाइडच्या नावाला घाबरू नका, पण ते तीव्र ॲसिड आणि आचेपासून लांब ठेवा. हातमोजे घाला आणि त्यासाठी घेतलेली भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

खरा गुंता कापडाचा आहे, आणि कापडाच्या गावात राहून मी तिथेच फसले. मला वाटलं, इथे गणवेश शिवणारे कारखाने आहेत, पांढऱ्या चिंध्या किलोवर मिळतात, मग काय हवं? पोतंभर आणल्या. एकीवरही धड निळं धरलं नाही. गणवेशाचं कापड बहुतेक टेरिकॉट, म्हणजे त्यात पॉलिएस्टर, आणि पॉलिएस्टर हे द्रावण पीतच नाही. तेव्हापासून घेण्याआधी एक दोरा ओढून जाळते. कागद जळल्याचा वास येऊन राख झाली तर सुती, वितळून गोळी झाली तर ठेव परत. चादरीवरही हौस भागवून पाहिली. जाड जॅकार्डच्या विणीत ठसा हरवतो, टॉवेलच्या लूपांत तर पान आहे की डाग, तेही कळत नाही. सगळ्यात चांगलं निघालं ते कोरं मांजरपाट, पण खळ पूर्ण काढून. रात्रभर भिजत घाला, दुसऱ्या दिवशी उकळा. म्हणजे पुन्हा पाणी.

पण फळ बघा. ज्वारीचं कणीस, तरवडाची डहाळी, गुलमोहराचं पान असं जवळचंच काही ठेवलं की ओढणीवर जे उमटतं ते दुसरीकडे छापून मिळणार नाही. निळं नको असेल तर धुण्याच्या सोड्याच्या फार पातळ पाण्यात रंग थोडा उतरवून डाळिंबाच्या सालीच्या काढ्यात बुडवा, तपकिरी-काळ्याकडे जातो. डाळिंबाची साल सोलापुरात कोणी पैसे घेऊन देत असेल तर मला कळवा. बोअरचं खारं पाणी असेल तर पहिल्या बादलीत चमचाभर लिंबूसत्त्व टाका, नाहीतर निळं फिकं होतं.

तिसरा मार्ग जुन्या निगेटिव्ह आणि एक्स-रे फिल्मचा. पाणी जवळजवळ शून्य. भांडवल म्हणजे कात्री, पंच, चांदीच्या तारेचे हूक. एक्स-रे रद्दीवाल्याकडे सहज मिळतील असं वाटतं, पण त्यातली चांदी काढणारे लोक ते वजनावर उचलतात, त्यामुळे भाव करावा लागतो. निळसर पारदर्शक पट्ट्यांचे झुमके दिसतात छान. घामाने जिलेटिन चिकट होतं, म्हणून दोन्ही बाजूंनी लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, हात द्या. व्हिनेगरचा वास येणारी निगेटिव्ह घेऊ नका, ती कुजायला लागलेली असते. आणि 1950 च्या आधीची फिल्म सापडली तर ती नायट्रेटची असू शकते, भुरकन पेटते, तिला हात लावू नका.

या कामात मी सगळ्यात वेगाने कमावलं आणि याच कामातून अर्धी बाहेर पडले. एका बंद पडलेल्या स्टुडिओतून लग्नांच्या निगेटिव्हचा गठ्ठा घेतला होता. प्रदर्शनात एका बाईंनी झुमका उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हा आमच्या मामाचा फेटा आहे." पैसे घेतले नाहीत. घ्यावेसे वाटले नाहीत. आता चेहरे असलेली पट्टी मी कापतच नाही, आणि एक्स-रेच्या कडेचं रुग्णाचं नाव सगळ्यात आधी छाटते.

तर त्या मुलीला काय सांगितलं? घरात पाणी साठवायला दोन पिंपं असतील, गच्ची तुझी असेल, तर निळं कापड. रसायनं आणि मांजरपाट धरून दहा हजारांतले निम्मेही जाणार नाहीत. फ्लॅटमध्ये राहतेस, लगेच चार पैसे हवेत, तर झुमके, पण चेहऱ्यांशिवाय. फिल्म हवीच असेल तर कॅमेरा आत्ता विकत घेऊ नकोस, कोणाच्या तरी काकांच्या कपाटात एक पडलेला असतोच. तो माग आणि संक्रांतीची वाट बघ.

तिने निळं कापड निवडलं. पहिला स्टोल झाल्यावर फोटो पाठवला, कडुलिंबाचं पान अगदी शिरेसकट. मी लगेच उलट फोन केला: हा स्टोल घरच्या धुण्यात जाऊ देऊ नकोस, साबण-सोड्याने निळं जातं. फोनवर क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग ती लांबून ओरडली, "आई, बादलीतलं काढ ते!"