एका संगणकावर दोघं: काही महिन्यांनंतरचा अनुभव, आणि हबबद्दल जरा जास्तच

घरातला एकच डेस्कटॉप मी आणि मुलगी एकाच वेळी वापरतो. दोन पडदे, दोन कीबोर्ड, दोन लॉगिन. याला मल्टिसीट म्हणतात: प्रत्येकाचा पडदा, कीबोर्ड, माउस मिळून एक 'सीट'. ते कसं लावायचं ते इथे सांगत बसत नाही. लिनक्सवर सिस्टमडी (सगळ्या सेवा सुरू करणारी, सांभाळणारी प्रणाली) आल्यापासून तिच्या लॉगिनसीटीएल या साधनाच्या दोन-चार आदेशांत काम उरकतं. ऑनबोर्ड (मदरबोर्डवरच्याच) ग्राफिक्सवर माझा पडदा, जादा ग्राफिक्स कार्डावर तिचा. फक्त बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड ग्राफिक्स चालू आहे ना, तेवढं बघा. कार्ड बसवलं की काही मदरबोर्ड ते आपोआप बंद करतात.

मला बोलायचंय ते यूएसबी हबबद्दल, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीबद्दल.

मुलीचा कीबोर्ड, माउस आणि यूएसबी साउंड कार्ड, सगळं एका चार पोर्टच्या हबवर होतं. स्वतःचा वीज-अडॅप्टर नसलेला, साधा हब. तिने पेनड्राइव्ह लावला की कीबोर्ड-माउस दोन्ही गप्प. पडद्यावर अर्धवट प्रोजेक्ट उघडा, आणि सेव्ह करायलाही मार्ग नाही. परीक्षेच्या आठवड्यात तिला रडू फुटायचं बाकी होतं.

हब वॉरंटीत होता, म्हणून दुकानात नेला. त्यांनी एक माउस लावून दाखवला आणि म्हणाले, "चालतोय की साहेब, तुमच्या लिनक्सचा प्रॉब्लेम असेल." एकटा माउस चालणारच! कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये हबच गायब झाल्याची नोंद होती. विंडोजच्या लॅपटॉपला लावून बघितला, तिथेही तीच रड. एवढं सांगूनही बदलून दिला नाही. तो राग अजून गेलेला नाही, कारण हिशेब अगदी सरळ आहे. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात. असा हब त्यातले १०० स्वतःसाठी धरतो आणि चारही पोर्टना प्रत्येकी १०० देतो. कीबोर्ड-माउसचं त्यात भागतं, पेनड्राइव्हचं नाही. खोक्यावर एवढी एक ओळ छापायला काय हरकत होती?

शेवटी स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा हब घेतला. जुन्याच पोर्टला जोडला आणि सगळी मांडणी पुन्हा करावी लागेल म्हणून बसलो, तर काहीच करावं लागलं नाही. सीटची नेमणूक उपकरणाच्या नावावर नसून पोर्टच्या जागेवर असते, त्यामुळे त्या हबवर जे लावाल ते मुलीच्याच सीटला जातं. तिचा पेनड्राइव्हही तिच्याच पडद्यावर उघडतो. हे बघून फार बरं वाटलं.

आधी मी ही सोय फक्त हलक्या कामापुरती मानत होतो. आता तसं म्हणणार नाही. १६ जीबी रॅममध्ये तिचे व्हिडिओ आणि माझी हिशेबाची कामं शेजारी-शेजारी चालतात. दुसरा संगणक घेण्याचा खर्च वाचला, वीजही एकाच यंत्राची जाते. अडचण येते ती अपडेटनंतर रीस्टार्ट करताना, कारण दोघांनाही उठावं लागतं. म्हणून ते काम आम्ही जेवणाच्या वेळेला ठेवलंय.

आता आईलाही तिसरी सीट हवी आहे. यूएसबीवरून पडदा चालवणारे डिस्प्लेलिंकचे अडॅप्टर मिळतात, आणि त्या जादा कार्डानंतर आमच्या कॅबिनेटमध्ये आणखी कार्डाला जागाही नाही. पण तिथे पडदाच यूएसबीच्या भरवशावर राहणार. जोडणी तुटली तर कीबोर्डच काय, अख्खी सीट जाईल. तो अडॅप्टर मी हबवर अजिबात लावणार नाही, थेट मदरबोर्डच्या पोर्टलाच लावीन.