बिनतारी कीबोर्ड : लिहायला उत्तम, दुरुस्तीला अवघड

हे परीक्षण हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या, पूर्ण आकाराच्या बिनतारी कीबोर्डचे आहे. त्यात दोन ट्रिपल-ए सेल लागतात, सोबत नखाएवढा डोंगल (संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये खोचायचा, कीबोर्डचे संदेश घेणारा तुकडा) येतो आणि कळा रबरी घुमटांवर बसवलेल्या असतात. याच साच्याचे कीबोर्ड बाजारात अनेक नावांनी विकले जातात, म्हणून एका कंपनीपेक्षा या बांधणीविषयीच लिहिणे मला योग्य वाटते. दिवसभर इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळरचनेने मराठी मजकूर टंकित करणे हे माझे काम असल्याने माझ्या टेबलावर कीबोर्डला विश्रांती फारशी मिळत नाही. माझे मत आधीच सांगते. लिहिण्यासाठी हा कीबोर्ड किमतीच्या मानाने फार चांगला आहे. त्याच्याविरुद्धच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ कीबोर्डच्या बाहेर असते. मात्र बिघाड खरोखर आत झाला, तर तो दुरुस्त होऊ नये अशाच बेताने हा कीबोर्ड बांधलेला आहे, आणि ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे.

सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार अक्षरे गळण्याची असते. भरभर लिहिताना मधली अक्षरे उमटत नाहीत, किंवा एखादे अक्षर एकदा दाबूनही ओळभर उमटत राहते. दोन्हींचे कारण बहुधा एकच असते. कळ दाबली गेल्याचा आणि सुटल्याचा असे दोन वेगळे संदेश कीबोर्ड पाठवतो. पहिला हरवला तर अक्षर गळते, दुसरा हरवला तर अक्षर थांबत नाही. हे संदेश 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातून जातात आणि त्याच पट्ट्यात घरातले वाय-फाय, ब्लूटूथ आणि चालू असलेला मायक्रोवेव्हही असतो. पण माझ्या अनुभवात यांपैकी कोणाहीपेक्षा जास्त त्रास संगणकाचे स्वतःचे यूएसबी 3.0 पोर्ट देतात. या पोर्टमधून सेकंदाला 5 गिगाबिट वेगाने माहिती धावते, त्यातून निर्माण होणारा रेडिओ गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो आणि शेजारी खोचलेल्या डोंगलला कीबोर्डचा क्षीण संदेश ऐकू येईनासा होतो. इंटेलने 2012 मध्ये एका तांत्रिक टिपणातून हा परिणाम मोजून दाखवला होता. निळ्या रंगाच्या, म्हणजे बहुधा यूएसबी 3.0 च्या, पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क लावून प्रत काढायला घेतली की अक्षरे गळू लागतात आणि प्रत संपली की कीबोर्ड पूर्ववत होतो, असे दिसले तर दोष कुठे आहे हे वेगळे शोधावे लागत नाही.

यावर उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे. साधी यूएसबी 2.0 एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल कॅबिनेटच्या मागून काढावा आणि टेबलावर, कीबोर्डपासून वीतभर अंतरावर ठेवावा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ही केबल सहज मिळते. खरे तर अशी केबल खोक्यातच द्यायला हवी होती. ती दिली असती तर कितीतरी चांगले कीबोर्ड निकामी समजून परत केले गेले नसते, असे मला मनापासून वाटते. राउटरमध्ये सोय असल्यास संगणकाचे वाय-फाय 5 गिगाहर्ट्झवर नेल्यानेही फरक पडतो.

सेलच्या बाबतीत हा कीबोर्ड काटकसरी आहे. अल्कलाइन सेल प्रत्येकी 1.5 व्होल्टचा असतो, तर रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल 1.2 व्होल्टचा. त्यामुळे रिचार्जेबल सेल पूर्ण भरलेले असतानाही काही कीबोर्ड सेल संपत आल्याचा लाल दिवा लावतात. तो बिघाड नव्हे. बिघाड होतो तो सेल गळल्यामुळे. कीबोर्ड काही महिने पडून राहिला की स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पूड जमते. ही पूड क्षारधर्मी असल्याने कापसाच्या काडीला थोडे व्हिनेगर लावून ती पुसावी, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा स्वच्छ करावी आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घालावेत. व्हिनेगर आत सर्किटपर्यंत ओघळू देऊ नये. जुना सेल आणि नवा सेल अशी जोडीही लावू नये, कारण संपत आलेला सेलच आधी गळतो.

विंडोजमधील दोन गोष्टी कीबोर्डच्या नावावर खपतात, म्हणून त्यांचा उल्लेख करते. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी पोर्ट झोपवते आणि त्यामुळे विश्रांतीनंतरची पहिली काही अक्षरे हरवतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटखालची खूण काढली की हे थांबते. दुसरी गोष्ट इन्स्क्रिप्टवाल्यांना विशेष लागू पडते. ख, घ, भ, ण ही अक्षरे शिफ्टसह येतात. शब्द आठवत असताना उजवी शिफ्ट 8 सेकंद दाबून राहिली तर फिल्टर कीज सुरू करायच्या का, असे विंडोज विचारते. लिहिण्याच्या ओघात त्याला होकार दिला गेला की कळांचे झटपट दाब दुर्लक्षिले जातात आणि कीबोर्ड मंदावल्यासारखा वाटतो.

एवढे तपासूनही दोष राहिला तर तो आत आहे असे समजावे. माझ्या कीबोर्डच्या ई, डी आणि सी या तीन कळा एकाच दिवशी बंद पडल्या. इन्स्क्रिप्टमध्ये ई वर काना आहे, डी वर अक्षराचा पाय मोडण्याची खूण आणि सी वर म. त्यामुळे ‘महाराष्ट्र’ लिहावे तर पडद्यावर ‘हरषटर’ उमटत होते. कोणत्या कळा पोहोचतात आणि कोणत्या नाहीत हे पाहण्यासाठी विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उपयोगी पडतो. पोहोचलेली प्रत्येक कळ त्यात उजळते. एकच कळ मेली असेल तर तिच्याखाली कचरा असतो किंवा रबरी घुमट फाटलेला असतो. एकाच उभ्या ओळीतल्या कळा एकदम गेल्या तर त्या सर्वांना जोडणारी रेघ तुटलेली असते, कारण प्रत्येक कळेला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या रेघांच्या जाळ्यात कोणती आडवी रेघ कोणत्या उभ्या रेघेला टेकली यावरून कळ ओळखली जाते.

कीबोर्ड उघडणे हे मात्र जिकिरीचे काम आहे. दिसणारे स्क्रू काढल्यावरही तो उघडत नाही, कारण एक स्क्रू मागच्या छापील स्टिकरखाली आणि दोन रबरी पायांखाली असतात. त्यानंतर कडेच्या खाचांमध्ये प्लॅस्टिकची पट्टी सरकवत एकेक क्लिप सोडवावी लागते. आत पॉलिएस्टरचे तीन पातळ पापुद्रे एकावर एक असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चंदेरी रेघा छापलेल्या असतात आणि मधल्याला कळांच्या जागी भोके असतात. माझ्या कीबोर्डच्या खालच्या पापुद्र्यावर वाळलेल्या चहाचा तपकिरी ओघळ होता आणि तो जिथे रेघेवरून गेला होता तिथे चंदेरी रंग काळपट पडला होता. वीज पुढे जाते का ते दाखवणारा मल्टिमीटर लावल्यावर रेघ नेमकी तिथेच तुटलेली निघाली. येथे सोल्डरिंग करता येत नाही, कारण त्या उष्णतेने पॉलिएस्टर वितळते. जागा अल्कोहोलने पुसून तुटलेल्या भागावर चांदीयुक्त विद्युतवाहक शाईचा पातळ थर द्यावा आणि पुरता वाळू द्यावा. तिन्ही कळा अशा रीतीने परत आल्या आणि अजून व्यवस्थित चालतात.

नशीब एवढेच की या कीबोर्डमध्ये पापुद्रे मोकळे निघाले. अनेक स्वस्त कीबोर्डमध्ये प्लॅस्टिकच्या खुंट्या वितळवून ते कायमचे दाबून टाकलेले असतात. खुंट्या तोडल्याशिवाय आत जाता येत नाही आणि तोडल्यावर ते पुन्हा घट्ट बसत नाहीत. कारखान्यातला एक टप्पा वाचतो, ग्राहकाचा सगळा कीबोर्ड जातो. हा सौदा मला अन्यायाचा वाटतो.

सेवा केंद्राचा अनुभव निराशाजनक होता. वॉरंटीच्या मुदतीतला कीबोर्ड ते बदलून देतात, मुदतीनंतर काहीच करत नाहीत. डोंगल हरवला तर सुटा मिळत नाही आणि दुसऱ्या कीबोर्डचा डोंगल याला जोडता येत नाही, म्हणजे नखाएवढ्या वस्तूपायी चांगला कीबोर्ड कचऱ्यात जातो. हे तांत्रिकदृष्ट्या अटळ मुळीच नाही. लॉजिटेकच्या युनिफाइंग डोंगलला 2009 पासून सहापर्यंत उपकरणे जोडता येतात आणि तो डोंगल सुटाही विकला गेला आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या अखेरीस दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंचाही समावेश आहे; पण एवढ्या स्वस्त वस्तूंच्या सुट्या भागांपर्यंत त्याचा परिणाम पोहोचल्याचे मला अजून जाणवलेले नाही.

आणखी एक गोष्ट सुरक्षिततेची. 2016 मध्ये संशोधकांनी ‘कीस्निफर’ या नावाने दाखवून दिले की आठ उत्पादकांचे स्वस्त बिनतारी कीबोर्ड दाबलेली कळ सांकेतिक न करता उघड पाठवत होते आणि सुमारे 250 फुटांवरून ती वाचता येत होती. बँकेचे काम याच कीबोर्डवर करायचे असेल तर खोक्यावर 128 बिट एईएस (संदेश गुप्त ठेवण्याची एक प्रमाण पद्धत) सांकेतिकरणाचा उल्लेख आहे का ते पाहावे. तो नसेल तर ब्लूटूथ कीबोर्ड घेतलेला बरा. त्यात हरवायला डोंगलही नसतो, मात्र संगणक सुरू होतानाच्या बायॉस पडद्यावर तो बहुधा चालत नाही, तेव्हा एखादा जुना तारेचा कीबोर्ड घरात राहू द्यावा.

दुकानात घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक पाहावा, कारण बिनतारी कीबोर्डसाठी ही नोंदणी 2012 च्या आदेशाने सक्तीची करण्यात आली. त्यानंतर कीबोर्ड उलटा करून स्क्रू पाहावेत. ज्याच्या पाठीवर एकही स्क्रू दिसत नाही आणि ज्याचा डोंगल सुटा मिळत नाही, तो कीबोर्ड शंभर रुपयांनी स्वस्त असला तरी मी घेणार नाही.