खिशातला प्लेयर की घरातले स्पीकर? पंचवीस हजार नेमके कुठे घालायचे

मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला, "अरे, टेप गेला रे परत. आता दुरुस्त नको करायला, नवीन काहीतरी सांग, पंचवीस हजारापर्यंत जाऊ." मावशी सदाशिव पेठेत राहते, दहा बाय बाराची खोली, खिडकीशी आरामखुर्ची, आणि कपाटात चाळीसेक कॅसेट, बहुतेक खयाल आणि नाट्यसंगीत. तिचा मुलगा रोज कंपनीच्या बसने हिंजवडीला जातो, जाऊन येऊन तीन तास सहज. त्याचं म्हणणं, एक भारी म्युझिक प्लेयर घेऊ, बसमध्ये तोच आणि घरी आल्यावर तोच स्पीकरला जोडू. मावशीचं म्हणणं, मला एक बटण दाबलं की गाणं लागलं पाहिजे, बाकी तुमचं काय ते बघा. हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

आधी टेपचं सांगतो. मावशी नको म्हणाली तरी मी तो तपकीर गल्लीत एका ओळखीच्या कारागिराकडे घेऊन गेलो. त्यांनी मागचं झाकण उघडलं तर आतला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा चिकट झाला होता, पुलीला लागलेलं ते काळं स्पिरिटच्या बोळ्याने पुसायलाच अर्धा तास गेला. नवीन बेल्ट बसला आणि टेप चालला. बिघाड काय होता, तर एक रबराचं रिंगण! मोटर, हेड सगळं ठणठणीत होतं. तर जुना डेक, म्हणजे हा कॅसेटचा टेप, टाकून द्यायच्या आधी एकदा बेल्ट बघून घ्या, आणि हा डेक आपल्याला पुढे लागणार आहे.

आता मुद्द्याचं. गाणं ऐकायला तीन कामं व्हावी लागतात. गाणं कुठेतरी साठवायचं, त्याचा विजेचा सिग्नल करायचा, आणि त्या विजेने हवा हलवायची. पहिल्या दोन कामांत गेल्या साठ वर्षांत इतके शोध लागले की ती आता जवळजवळ फुकटात होतात. तिसरं काम मात्र अजून तिथेच आहे. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकमधल्या दोघांनी १९२५ मध्ये चुंबकातल्या कॉइलने कागदी कोन मागेपुढे हलवायचा लाउडस्पीकर लोकांपुढे मांडला, आणि आज आपण घेतो ते बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. चुंबक, कॉइल, कोन, लाकडी खोकं, या वस्तूंना वजन असतं, जागा लागते, आणि त्या चिपसारख्या दरवर्षी स्वस्त होत नाहीत. म्हणून माझं मत साधं आहे, पैसे तिसऱ्या कामावर घाला.

हे भाच्याला, म्हणजे खरं तर मावसभावाला, पण वयाने इतका लहान आहे की भाचाच म्हणतो, पटवायला वेळ लागला. त्याला हवा होता तो हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षाही बारकाईने साठवलेली गाणी वाजवणारा, प्लेयर पंचवीस हजारांच्या घरात जातो, म्हणजे सगळं बजेट तिथेच संपलं. पूर्वी असा प्लेयर घेण्यात अर्थ होता कारण साठवणं हीच मोठी अडचण होती. फिलिप्सच्या लू ओटेन्सनी कॅसेट करताना खिशात मावेल असा लाकडी ठोकळा आधी कापून घेतला आणि कॅसेटचा प्लेयर एवढाच हवा असं ठरवलं, १९६३ मध्ये ती कॅसेट बाजारात आली. १ जुलै १९७९ ला जपानमध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला, ३३,००० येन किंमत, रेकॉर्डिंगची सोयच काढून टाकलेली, आणि हेडफोनची दोन भोकं, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. मला या शोधात ते दुसरं भोक सगळ्यात जास्त आवडतं. मग २००१ च्या ऑक्टोबरात आयपॉड आला, ५ जीबीची छोटी हार्डडिस्क आणि हजार गाणी. आज ५ जीबी म्हणजे काय, फोनमध्ये व्हॉट्सअॅपचे व्हिडिओच तेवढे असतात.

सिग्नल करायचं कामही तसंच. सीडी १९८२ मध्ये आली, सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजायचा, दर वेळी १६ बिट, दोन बाजू, गुणाकार केला की सेकंदाला १,४११ किलोबिट होतात. एमपी थ्री १२८ किलोबिटच्या दराने केलं की तेच गाणं अकरा पट लहान, कारण कानाला जे तसंही ऐकू येणार नाही ते त्यातून काढून टाकतात. सीडीच्या दर्जाचा सिग्नल काढून देणारं यूएसबी डोंगल आज दीड-दोन हजारांच्या आत मिळतं, बोटभर वायर असते आणि फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसते. चांगल्या डोंगलमध्ये आणि पंचवीस हजारांच्या प्लेयरमध्ये फरक नाही असं मी म्हणत नाही. वेगळा प्लेयर असला की फोनची बॅटरी वाचते, मधेच ऑफिसचा मेसेज टणकन वाजत नाही, आणि मोठे, जास्त ताकद मागणारे हेडफोन असतील तर तो ते नीट चालवतो. ज्याच्याकडे असे हेडफोन आधीच आहेत त्याने जरूर घ्यावा. पण बसमध्ये साधे इयरफोन लावून ऐकणाऱ्याला तो फरक कळायच्या आत चांदणी चौकाचा ट्रॅफिक लागतो.

ब्लूटूथ की वायर, यावर जास्त बोलायला हवं कारण इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. बिनवायरीचे इयरबड सोयीचे आहेत, मी स्वतः वापरलेत, पण त्यात बघायच्या गोष्टी दोन. एक म्हणजे फोन आणि बड कुठल्या कोडेकमध्ये, म्हणजे गाणं दाबून हवेतून पाठवायच्या कुठल्या पद्धतीत, बोलतात. डब्यावर एलडॅक या कोडेकचं नाव लिहिलेलं असतं, तो सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, पण आयफोन तो वापरतच नाही, आयफोनवर ते बड एएसी या दुसऱ्या कोडेकवरच चालणार. म्हणजे फोन न बघता त्या अक्षरांसाठी जास्त पैसे मोजले तर ते तसेच गेले. दुसरी गोष्ट बॅटरी. माझ्या एका जोडीतला डावा बड दोन वर्षांत अर्ध्या तासावर आला, आतला सेल एवढासा असतो की रोज चार्ज करून करून त्याचा जीव जातोच. सर्व्हिस सेंटरला गेलो तर सेल बदलत नाही, बड बदलून देतो म्हणाले, आणि सांगितलेली किंमत नव्या जोडीच्या जवळपास. त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटलं, कारण आतला स्पीकर अजून सुंदर वाजत होता. उलट कानाच्या आत बसणारे वायरचे इयरफोन, ज्यांना आयईएम म्हणतात, दोन-तीन हजारांत आज इतके चांगले मिळतात की दहा वर्षांपूर्वी तो आवाज दहा हजारातही नव्हता, आणि वायर तुटली तर बऱ्याच मॉडेलमध्ये फक्त वायर बदलता येते.

पण बस म्हटलं की इंजिनाची घरघर आली, आणि तिथे नॉइज कॅन्सलेशन खरंच कामाचं आहे. येणाऱ्या आवाजाच्या बरोबर उलटी लाट सोडली की दोन्ही एकमेकांना खातात, ही कल्पना जर्मनीच्या पॉल ल्यूगच्या १९३६ च्या पेटंटमध्येच आहे. ती हेडफोनमध्ये आणायचं अमर बोस यांनी १९७८ मध्ये झ्युरिकहून अमेरिकेला परत जाताना विमानात ठरवलं, विमानाच्या आवाजात त्यांना हेडफोनमधलं संगीत नीट ऐकूच येईना. अमर बोस म्हणजे बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या क्रांतिकारकाचा मुलगा, तिथल्या एमआयटी या विद्यापीठात शिकवायचे. तर हे तंत्र एकसारख्या खालच्या आवाजावर चालतं, इंजिन, एसी, पंखा. अचानक वाजणारा हॉर्न किंवा शेजारच्याचं फोनवरचं बोलणं त्याने पूर्ण जात नाही, ते अडवायला कानात घट्ट बसणारं रबरी टोकच लागतं. आयईएमला ते टोक असतंच. म्हणून बसमध्ये झोपायचं असेल, शांतता हवी असेल तर नॉइज कॅन्सलेशनचे हेडफोन घ्या. गाणंच ऐकायचं असेल तर नीट बसणारं आयईएम पुरतं. आणि काहीही घ्या, पण रस्ता ओलांडताना कानातून काढा, आपल्याकडे मागून कोण येईल सांगता येत नाही.

आता घर. मावशीपुढे चार पर्याय होते.

गाणी भरून आलेला रेडिओसारखा डबा, म्हणजे सारेगामाने २०१७ मध्ये आणलेला कारवां, ५,००० गाणी आत, इंटरनेट नको, मोठी बटणं. पाच-सात हजारांत बसतो. घरात सत्तरीच्या पुढचं कोणी एकटं असेल, जुनी सिनेमाची गाणी हवी असतील आणि मोबाईलचा कंटाळा असेल, तर डोळे मिटून हाच घ्या, यापेक्षा सोपं काही नाही. मावशीचं अडतं ते एवढंच की तिला चाळीस मिनिटांचा एक खयाल सलग ऐकायचा असतो आणि तिचा खजिना तिच्या कॅसेटमध्ये आहे.

ब्लूटूथ स्पीकर. इथे तंबोऱ्याने परीक्षा घ्यायची. काळी एकचा षड्ज धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झ, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. पेल्याएवढ्या स्पीकरचा दोन इंची कोन ६९ ला जवळजवळ गप्प असतो. कारण असं, की तेवढ्याच जोरात एक सप्तक खाली वाजवायचं तर कोनाला चौपट अंतर मागेपुढे हलावं लागतं, आणि एवढ्याशा कोनाला हलायला जागाच नसते. तरी आपल्याला खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या झंकारामुळे, त्या तारेचे वरचे स्वर भरपूर उमटतात आणि त्यांच्यावरून कान खालचा स्वर मनानेच भरून घेतो. तंबोरा आहे हे कळतं, फक्त तो समोर ठेवलेला वाटत नाही. सहलीला, स्वयंपाकघरात, गच्चीवर ब्लूटूथ स्पीकर उत्तम. दुसरं एक त्याच्या बाजूने सांगायला हवं, जुनी बरीच रेकॉर्डिंग मोनो आहेत, त्यांना डावा-उजवा नसतोच, तेव्हा तिथे एका खोक्याने काही बिघडत नाही.

साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांब पट्टीसारखा स्पीकर, टीव्हीसाठी आहे. मालिकेतलं बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून घ्यायचा असेल तर घ्या, एचडीएमआयच्या एआरसी लिहिलेल्या भोकात जोडा म्हणजे एकाच रिमोटवर काम होतं. गाण्यासाठी मला तो पटत नाही. सगळे स्पीकर एका पट्टीत, त्यामुळे पेटी इकडे आणि तबला तिकडे असं काही उमटत नाही, आणि सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा वेगळा डबा, जमिनीवर ठेवला की धप्पधप्प खालच्या मजल्यावरच्या काकूंनाच जास्त ऐकू येते.

चौथा पर्याय म्हणजे आत अॅम्प्लिफायर असलेले दोन बुकशेल्फ, म्हणजे पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे, स्पीकर, आणि मी हेच घ्यायला लावले. खालच्या स्वरांना चार इंची वूफर, वरच्या स्वरांना छोटा ट्वीटर, लाकडी खोकं, बारा ते सोळा हजारांत चांगली जोडी मिळते. एवढ्या छोट्या खोक्यातून खर्ज निघतो याचं श्रेय एडगर विल्चरना. त्यांनी १९५४ मध्ये हवाबंद खोक्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरली, तोवर खर्ज हवा तर कपाटाएवढं खोकं लागायचं. आज बऱ्याच जोड्यांना मागे भोक असतं, त्यांचं तत्त्व वेगळं, पण छोट्या खोक्याचा रस्ता विल्चरनी उघडला. चार इंचीलाही ६९ हर्ट्झ पूर्ण ताकदीने झेपतं असं नाही, पण दोन इंचीच्या मानाने फार पुढे, आणि मावशीच्या खोलीला भरपूर.

घेताना डब्यावरच्या वॉटला भुलू नका. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या डब्यावर, हजार वॉट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची फुगवलेली ताकद, असे स्टिकर असायचे, त्या आकड्याला अर्थ नव्हता. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, बघा, दहा बाय बाराच्या खोलीला वीस-वीस वॉट आरएमएस पुष्कळ होतात. दुकानात जाताना आपली दोन गाणी फोनमध्ये घेऊन जा, एक तंबोरा-आवाज आणि एक नुसतं बोलणं. बोलणाऱ्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर तो स्पीकर नको, बाकी काहीही लिहिलेलं असो.

हिशेब असा झाला. स्पीकर साडेचौदा हजार, भाच्याला डोंगल आणि आयईएम मिळून चार, आणि साडेसहा हजार शिल्लक. घरातला जुना फोन स्पीकरला कायमचा वायरने जोडून ठेवला, त्याच्या स्क्रीनवर मावशीच्या यादीचं एकच मोठं चिन्ह ठेवलं, ते दाबलं की लागतं. स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, कारण भिंतीच्या फार जवळ असल्यामुळे खर्ज घुमत होता, आणि ट्वीटर खुर्चीत बसलेल्या मावशीच्या कानाच्या उंचीला यावेत म्हणून खाली दोन जाड शब्दकोश ठेवले. एवढ्याने जो फरक पडला तो पैसे देऊन मिळाला नसता. पहिल्या दिवशी भाचाही खाली बसून ऐकत होता, "दादा, तानेच्या आधी श्वास घेतलेला ऐकू येतो रे," म्हणाला.

राहिल्या कॅसेट. पुण्याच्या पावसाळ्यात टेपवर बुरशी धरते, पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट वाजवू नका, हेडला लागून दुसऱ्या कॅसेटवर जाते. दुरुस्त केलेल्या डेकच्या लाइन आउटला, म्हणजे आवाजाचा सिग्नल बाहेर देणाऱ्या भोकाला, जोडलेलं एक साधं यूएसबी ऑडिओ कार्ड आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, जे फुकट आहे, एवढ्यावर काम होतं, शिल्लक पैशातले दीड हजार त्याच्यावर गेले. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, त्याला शॉर्टकट नाही. मावशी दुपारी चहाच्या आधी एक बाजू आणि नंतर एक बाजू लावते, वहीत नाव, राग, तारीख लिहिते, आत्तापर्यंत अकरा झाल्यात.