नर्मदाकाठचे देवदार

पहिले 11,600 रुपये हौसेपायी गेले आणि नंतरचे 19,876 रागापायी. दोन्हींचा उलगडा एकाच शनिवारी झाला. मी इंदूरला सियागंजात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बावीस वर्षं काम करतो, लोकांची बिलं तपासण्यावरच माझं घर चालतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'तुम्ही कसे हो फसलात?' हे विचारायची गरज पडणार नाही. पुण्याच्या मेव्हण्यापासून खालच्या दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचं ते विचारून झालेलं आहे.

लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. मुलगी बंगळूरला. हॉलमध्ये जेवणावळ घालायची नाही एवढं आमचं दोघांचं ठरलं होतं. आमची ही लहानपणी नेहरू पार्कात पोहायला शिकलेली. लग्नानंतर तिचा पाण्याशी संबंध उरला तो नर्मदेचा नळ एक दिवसाआड किती वाजता येतो, एवढाच. गेल्या वर्षी तिने सायकल घेतली आणि पहाटे रेसिडेन्सीच्या झाडांखालून फेऱ्या मारू लागली. मीही मागून मुलीची जुनी सायकल हाकत जायचो. त्यामुळे इन्स्टावर 'कपल कॅम्पिंग, नर्मदा बॅकवॉटर, दोन रात्री, फॉरेस्ट सायकलिंग, दोन वेळा कयाकिंग' अशी जाहिरात दिसली तेव्हा तिने मोबाइल माझ्या ताटासमोर धरला आणि म्हणाली, "अहो, हे बघा, आपल्यासाठीच काढलंय."

फोटो खरंच सुंदर होता. निळंशार पाणी, त्यावर लाल कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, त्यात पाठमोरे दोघं, मागे उंच सुळक्यासारखी हिरवी झाडं. हिने तो मोबाइलचा वॉलपेपर करून टाकला. पंधरा दिवस आम्ही तो दिवसातून पन्नासदा पाहिला. पाहिला म्हणजे काय, डोळ्यांपुढून गेला. हे पुढे येईलच.

जागा सांगितली होती हनुवंतियाजवळ. हनुवंतिया खंडवा जिल्ह्यात, इंदिरा सागर धरणाच्या पाण्याकाठी. इंदूरहून सिमरोल, चोरल, बडवाह, मोरटक्का, सनावद, मूंदी असा रस्ता. तिथे 2016 पासून जलमहोत्सव भरतो, सरकारी रिसॉर्टही आहे, त्यामुळे नाव ऐकूनच निम्मा विश्वास बसतो. फसवणाऱ्यांनी गावाचं नाव खरं घेतलं होतं आणि कॅम्पचं नाव सरकारी वाटेल असं बेतलं होतं. फोनवरचा मुलगा इतका गोड, की ही नंतर म्हणाली, मुलीसाठी असा जावई चालला असता.

पॅकेज 9,600 रुपये. अर्धे आधी भरले. क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर कॅम्पचं नाव न येता कुणातरी बाईंचं नाव आलं. मी विचारलं. "सर, वो हमारी अकाउंटेंट हैं." मी स्वतः अकाउंटवाला! कुठल्या कंपनीचे पैसे अकाउंटेंटच्या खात्यात जमा होतात? पण तेव्हा मी ऑफिसात नव्हतो, सुटीवर निघालो होतो. डोकं सियागंजात टेबलावर ठेवून आलो होतो म्हणा ना.

हिने मात्र एक प्रश्न नेमका विचारला होता. लाइफ जॅकेट किती ते किती किलोच्या माणसासाठी आहे हे त्यावर लिहिलेलं असतं, आणि आम्हा दोघांच्या वजनात चांगला वीस किलोंचा फरक. म्हणून तिने विचारलं, "भैया, लाइफ जॅकेट कितने किलो का है?" तो म्हणाला, "अरे मैडम, बहुत हल्का है, आराम से उठा लोगी." आम्ही हसलो. फोन ठेवल्यावरही हसत होतो. ज्याने आयुष्यात एकदा तरी कुणाला जॅकेट घालून पाण्यात सोडलंय तो असं उत्तर देणार नाही, हे कळायला आम्हाला शनिवार उजाडावा लागला. सायकलचंही तेच. 21 गिअरची सायकल देतो म्हणाला, पण आमची उंची एकदाही विचारली नाही. उंची कळल्याशिवाय सायकल कुठल्या मापाची काढून ठेवणार होता?

शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन. शनिवार-रविवारची खूप मागणी आहे, पूर्ण पैसे भरले तरच तंबू राहील, शिवाय कयाक आणि सायकलीचं 2,000 रुपये डिपॉझिट, ते निघताना परत. अर्ध्या तासाची मुदत दिली. घरात बॅगा भरलेल्या, हिचे सायकलिंगचे नवे हातमोजे वर ठेवलेले. मी 6,800 पाठवून मोकळा झालो. एकूण 11,600. लगेच पीडीएफ बिल आलं. ते मी उघडलं, रक्कम बरोबर आहे एवढं बघितलं आणि मिटलं.

शनिवारी पहाटे निघालो. बडवाहला चिवडा घेतला, तंबूबाहेर बसून खाऊ म्हणून. मूंदीच्या पुढे त्याने पाठवलेल्या नकाशावरच्या पिनप्रमाणे गाडी डावीकडे वळवली. रस्ता अरुंद होत गेला, मग खड्डे, मग झुडपं. आणि एका वळणानंतर जुना डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरत होता. अक्षरशः. कडेचा मैलाचा दगड अर्धा बाहेर, अर्धा पाण्यात, त्यावर एक बगळा. काठावर दोघं जण जाळं उकलत बसले होते. त्यांतल्या म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणाला, "टेंट-वेंट नहीं है साहब. पहले यहाँ गाँव था." 2004 साली हरसूद शहर या धरणात गेलं, आजूबाजूची कितीतरी गावं गेली, हे वाचलेलं होतं. पण रस्ता असा पाण्याखाली जाताना पाहिला की पोटात कसंतरीच होतं. आमचं दुःख त्या मानाने फारच स्वस्तातलं, असं तेव्हाही क्षणभर वाटून गेलं. क्षणभरच.

फोन एकदा लागला. "बस दस मिनट, आदमी भेज रहा हूँ." त्यानंतर बंद. आम्ही पाऊण तास उभे. पिनचं असं आहे की नकाशावर कुठेही बोट ठेवून ती पाठवता येते. तिथे खरंच काही आहे याचा तो पुरावा नव्हे.

शेवटी हनुवंतियाच्या रिसॉर्टवर गेलो. काउंटरवरच्या माणसाने आमचं बिल पाहिलं आणि न बोलता पाण्याचे दोन ग्लास पुढे केले. या महिन्यात आमच्यासारखे आणखी तिघं येऊन गेले म्हणे. हिने आपला वॉलपेपर त्याला दाखवला. तो फोटोवर बोट ठेवून अगदी हळू म्हणाला, "मैडम, ये देवदार हैं. हमारे यहाँ कहाँ होते हैं देवदार?"

आम्ही दोघंही निमाड-माळव्यात वाढलेलो. साग, पळस, अंजन, बाभूळ झोपेतही ओळखू. आणि पंधरा दिवस देवदार बघत होतो नर्मदेच्या काठावर! एखादा फोटो आधी कुठे कुठे आलाय ते नेटवर शोधायची सोय मोबाइलमध्ये असते, पाच सेकंदांचं काम. आम्हाला तर तेवढेही लागायला नको होते.

रिसॉर्टमध्ये खोली नव्हती. परत निघालो. आता खरी सांगण्यासारखी गोष्ट इथून पुढे आहे, कारण पहिल्या फसवणुकीत निदान हौस तरी होती.

मोरटक्क्याला पुलाच्या अलीकडे चहाला थांबलो. ही चहा आणायला उतरली. मी गाडीत बसून धुमसत होतो. तेवढ्यात डोक्यात आलं की तक्रार आत्ताच करायची, एक मिनिटही थांबायचं नाही. नेटवर 'यूपीआय रिफंड कस्टमर केअर' असं शोधलं, वर जो नंबर दिसला तो लावला. पलीकडचा माणूस शांत, आदबशीर. माझी हकिगत त्याने पूर्ण ऐकून घेतली. दिवसभरात कुणीतरी प्रथमच ऐकून घेत होतं. मग म्हणाला, तुमची तक्रार नोंदली, 11,600 आत्ताच परत करतो, फक्त पडताळणी हवी. मोबाइलवर एक ॲप घ्यायला लावलं, ज्यात माझा पडदा त्याला दिसत होता. मग पैशाचं ॲप उघडायला सांगितलं आणि म्हणाला, चौकटीत व्हेरिफिकेशन कोड टाका, एक नऊ आठ सात सहा. ती चौकट रकमेची होती. त्याने आकडे सुटे सुटे उच्चारले म्हणून मला ते कोड वाटले. मग यूपीआयचा पिन.

ही दोन ग्लास घेऊन आली तेव्हा मी मोबाइलकडे नुसता बघत होतो. खात्यातून 19,876 वजा.

पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे जायचे असतील तेव्हा. क्यूआर स्कॅन करायचा तोही पैसे द्यायला, घ्यायला नव्हे. हे मी आमच्या ऑफिसात येणाऱ्या किराणेवाल्यांना स्वतः समजावून सांगितलेलं आहे, हातवारे करून.

ही काही बोलली नाही. चहाचे ग्लास बॉनेटवर ठेवले, माझ्या हातातून मोबाइल घेतला, इंटरनेट बंद केलं, ते पडदा दाखवणारं ॲप काढून टाकलं आणि आपल्या फोनवरून 1930 लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर, देशभर एकच. तिसऱ्या प्रयत्नात लागला. त्यांनी बँक, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक विचारला. बाहेर अंधार पडत होता, ही टॉर्चच्या उजेडात बँकेच्या मेसेजमधले बारा आकडे दोनदा वाचून दाखवत होती. माझ्या हातात काहीच काम नव्हतं. मी चिवड्याची पुडी उघडली. रात्रीचं जेवण तेच झालं, पुलावर गाड्यांची रांग लागली होती तिथे.

तेवढ्या धावपळीमुळे दुसऱ्या रकमेतले 12,000 पुढच्या खात्यात अडवले गेले. उरलेले तोवर तिथूनही पुढे सरकले होते. हे लोक पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, मिनिटामिनिटाला पुढे ढकलतात, म्हणून पहिला तासच काय तो कामाचा. माझ्यासारखे रिफंडचे नंबर शोधत बसू नका. अडवलेले पैसेही लगेच हातात येत नाहीत. पोलिसांमार्फत ते सोडवून घ्यावे लागतात, आमचं ते चालू आहे. पहिले 11,600 गेलेच, त्यांची तक्रार आम्ही दुसऱ्या दिवशी सायबर क्राइमच्या पोर्टलवर केली. बँकेत गेलो तर मॅनेजरने रिझर्व्ह बँकेचं 2017चं परिपत्रक समोर ठेवलं: बँकेची चूक असेल, किंवा तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला तोशीस नाही. पण पिन स्वतः टाकला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. वाद घालायला मला तोंड नव्हतं.

त्या रात्री झोप नव्हतीच. दोन वाजता उठून ते पीडीएफ बिल पुन्हा उघडलं, ऑफिसात उघडतो तसं. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे: मध्य प्रदेशाचे 23. यांच्या बिलावर 27, म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं. कंपनी असेल तर सी, एकटा माणूस असेल तर पी. बिलावर मोठ्या अक्षरांत 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि क्रमांकाचं सहावं अक्षर पी. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकला तर एका भांड्यांच्या दुकानाचा निघाला. त्या बिचाऱ्या दुकानदाराला याचा पत्ताही नसणार. इन्स्टाच्या पानावर 'अकाउंटबद्दल' पाहिलं तर खातं दोन महिन्यांपूर्वीचं, आणि आधी दोनदा नाव बदललेलं. हे सगळं बघायला मला चहा थंड व्हायला लागतो तेवढाच वेळ लागला. गिऱ्हाइकाचं बिल असतं तर मी तोंडावर फेकलं असतं.

ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. म्हणाली, "सापडली ना चूक? आता झोपा."

एक गोष्ट मात्र मी लपवणार होतो. मेव्हण्याला पहिलेच 11,600 सांगायचे, दुसरी रक्कम पोटात ठेवायची, असं मी तिला सुचवलं. ती म्हणाली, "त्याच्याही खात्यात पैसे आहेत, त्यालाही राग येतो. सांगा सगळं." म्हणून हे लिहिलं. जावयाच्या फसवणुकीची चर्चा सध्या पुण्यात चवीने चालू आहे, आणि मेव्हण्याने 1930 मोबाइलमध्ये सेव्ह केलाय.

परवा रात्री हिने पुन्हा ताटासमोर मोबाइल धरला. नवी जाहिरात. आता ठिकाण तवा धरणाचं बॅकवॉटर, कॅम्पचं नाव वेगळं, पॅकेज 8,900. कयाक तोच लाल. मागे तेच देवदार.