मंडळीच्या गायनासाठी नऊ स्केलची पेटी: ठाण्याच्या हवेत वापरून पाहता

चर्चमध्ये उपासनेला जमणाऱ्या शंभर माणसांच्या मंडळीत तयार गळे पाच-सहाच असतात. चाल मधल्या सप्तकाच्या वरच्या पांढरी २ च्या (पाश्चात्त्य डी सुराच्या) पुढे गेली की बाकीचे एकेक करून गप्प होतात आणि गायनमंडळ तेवढं ऐकू येतं. त्यामुळे गीताचा सर्वांत उंच सूर पांढरी २ वर बसवून मग स्केल, म्हणजे सा कुठल्या पट्टीवर धरायचा ते, ठरवावं. चाल तार षड्जावर (वरच्या सा वर) थांबत असेल तर सा पांढरी २, तार सप्तकातल्या शुद्ध गंधाराला जात असेल तर सा काळी ५.

पट्ट्यांची रांग सरकवून सा बदलता येणाऱ्या स्केलचेंजर पेटीचा खरा उपयोग इथेच होतो. बोटं तीच ठेवून एका गीतावरून दुसऱ्यावर जाता येतं. पण नऊ स्केलमध्ये बाराही स्वर सा म्हणून मिळत नाहीत, म्हणून आपल्या गीतांना लागणारी स्केलं त्यात आहेत का ते दुकानातच सरकवून बघावं. तेरा स्केलच्या पेटीत सगळे मिळतात, मात्र वजन वाढतं. ऐरोली-कोपरखैरण्यात दर रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये पेटी नेणाऱ्या मंडळीला नऊच पुरे.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या भजनांना खर्ज-नर सुरांची (खालच्या आणि मधल्या सप्तकाच्या पितळी पात्यांची) पेटी फार शोभते. टाळ-तबल्यातूनही खर्ज मंडळीला धरून ठेवतो. पाश्चात्त्य चालीची गीतं, जिथे जवळजवळ दर मात्रेला कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गट) बदलतो, ती कीबोर्डवरच बरी. कप्लर (एका पट्टीसोबत दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी जोडणी) लावून तीन-तीन पट्ट्या दाबल्या की हवा पुरत नाही आणि ओळीच्या शेवटी आवाज खचतो.

पेटी आणि कीबोर्ड एकत्र वाजणार असतील तर पेटी ४४० हर्ट्झला (मधली पांढरी ६ सेकंदाला ४४० कंपनांवर) लावलेलीच मागा. ४४२ ला लावलेली पेटी कीबोर्डसोबत मधल्या पांढरी ६ वर सेकंदाला दोन लहरी (आवाज कमी-जास्त होण्याचे हेलकावे) देते. गाणाऱ्यांना कारण कळत नाही, सूर मात्र हलतो.

बिघाड बहुतेक सरकवताना होतो. पट्टी दाबलेली असताना किंवा कप्लर चालू असताना स्केल बदललं तर आतल्या तारा वाकतात. आधी कप्लर बंद, हात वर, मग सरकवणं, हा क्रम वादकाच्या अंगवळणी पडलाच पाहिजे. उपदेशानंतरच्या गीताला घाई होते, म्हणून त्याचं स्केल उपदेशाआधीच लावून ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये खाडीकडच्या दमट हवेने लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. कडेला पॉलिश पेपर मारू नका. पाऊस सरला की त्याच पट्ट्या खुळखुळतात. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्याला बदला, आणि आठवडाभर पेटी बंद न ठेवता मधे एकदा पंधरा मिनिटं वाजवा.

माइक एकच पुरतो: साधा डायनॅमिक, सुरांच्या बाजूने, वीतभर अंतरावर. भात्याजवळ ठेवला तर प्रत्येक हाताला धप्प आवाज येतो.

घेताना दोन चाचण्या सोडू नका. सगळे स्टॉप (सुरांकडे हवा सोडणारे समोरचे खटके) बंद करून भाता भरा. तो लगेच बसला तर हवा गळते आहे. मग स्टॉप उघडा आणि एकही पट्टी न दाबता भाता मारा. बारीकसा जरी सूर आला तरी त्या पट्टीखालचं चामडं नीट बसलेलं नाही. दुसरी चाचणी नऊही स्केलवर करा, कारण एखाद्याच घरात गळणारी पेटी पहिल्या स्केलवर निर्दोष वाटते.