खोल कीड: सगळी कोरायची की थोडी ठेवायची?

दातातली कीड नसेजवळ पोचली की दोन मार्ग उरतात. जुना मार्ग म्हणजे तळ टणक लागेपर्यंत सगळं कोरायचं. दिसायला स्वच्छ, पण शेवटच्या मऊ थरात नस उघडी पडायची भीती मोठी, आणि मग प्रकरण अनेकदा रूट कॅनालपर्यंत जातं.

दुसरा मार्ग निवडक कोरण्याचा. कडेच्या भिंती टणक होईपर्यंत साफ करायच्या, नसेवरचा मऊ थर मात्र तसाच ठेवून वर घट्ट फिलिंग करायचं. आत कोंडलेल्या जंतूंना बाहेरची साखर मिळत नाही, कीड थंडावते. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी खोल किडीसाठी याचीच शिफारस केली. माझाही कौल यालाच. दंतवैद्यकीच्या विद्यार्थ्यांना मऊ थरापाशी हात आवरणं जड जातं, पण कडा नीट साफ झाल्या नाहीत तर फिलिंग गळतं आणि सगळं फसतं.

अट एकच, नस शाबूत हवी. थंड लागल्यावरची कळ लगेच ओसरली तर ठीक. रात्री आपोआप ठणकत असेल तर हा उपाय नाही.

आणि केसपेपरवर मऊ थर ठेवल्याची नोंद हवीच. नाहीतर पुढचा डॉक्टर एक्स-रेमधली काळी छटा पाहून तो दात पुन्हा उघडेल.