ॲल्युमिनियमच्या मासेमारी होडीसाठी तयार फ्लोअर संच : दोन हंगामांच्या वापरानंतर

माझी होडी ४.३ मीटर लांबीची आहे. तिचा पत्रा जेमतेम १.६ मिलिमीटर जाडीचा, जोड रिव्हेटचे, तळ उथळ व्ही आकाराचा आणि त्या तळावर हातभर अंतराने आडव्या बरगड्या. अशा होडीत बसून मासेमारी करता येते. उभे राहून गळ टाकायचा म्हटले की एक पाय बरगडीवर आणि दुसरा उतारावर पडतो आणि तासाभरात घोटे भरून येतात. म्हणून पूर्वी मी तीत प्लायवुडचे फ्लोअर बसवून घेतले होते. ते उचकटून त्या जागी ॲल्युमिनियमचा तयार संच बसवला, त्याला आता दोन हंगाम पूर्ण झाले आहेत. संच मी स्वतः बसवला आणि दोन्ही हंगामांच्या अखेरीस पूर्ण उचलून खालचा तळ तपासला, त्यामुळे त्याबद्दल नीट लिहिण्याइतका अनुभव जमा झाला आहे.

आधी जुन्या फ्लोअरविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण नवीन संचाकडून मी काय अपेक्षा ठेवली ते त्यावरून कळेल. ते प्लायवुड वरून शेवटपर्यंत धडधाकट दिसत होते. उचलल्यावर खाली बरगड्यांच्या माथ्यावर पांढरी भुकटी साचलेली दिसली आणि ती खरवडल्यावर पत्र्यात टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे निघाले. लाकूड कुजू नये म्हणून त्यात मुरवलेले औषध तांब्याच्या संयुगांचे होते. असे लाकूड ओले झाले की त्यातून सुटलेले तांबे ॲल्युमिनियमवर बसते, दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक घट, म्हणजे बॅटरीसारखी रचना, तयार होते आणि त्यात झिजतो तो ॲल्युमिनियमच. त्यात भर म्हणून वर जाड कार्पेट होते, जे कधी पूर्ण वाळतच नसे. ॲल्युमिनियमचे रक्षण त्याच्या अंगावरचा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर करतो आणि तो खरचटला तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुन्हा भरून येतो. पण सतत ओल्या वस्तूखाली दबलेल्या जागी ऑक्सिजन पोहोचत नाही आणि तिथे धातू आतल्या आत पोखरला जातो. होडीचा तळ फुटण्याआधी हे लक्षात आले, याचे मला आजही समाधान वाटते. प्लायवुडच वापरायचे असेल तर औषध न मुरवलेले, आत पोकळ्या नसलेले चांगल्या प्रतीचे मरीन प्लायवुड घ्यावे आणि त्याच्या सर्व बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडांना आणि प्रत्येक छिद्राच्या आतल्या भिंतीला, इपॉक्सीचे (पाणी अडवणाऱ्या कडक राळेचे) दोन-तीन हात द्यावेत. हे काम सचोटीने केले तर ते फ्लोअर वर्षानुवर्षे टिकते. माझ्याकडे ते तसे झाले नव्हते.

नव्या संचात ५०५२ जातीच्या मिश्रधातूचे २.५ मिलिमीटर जाडीचे पाच पत्रे, त्यांना आधार द्यायला अँगलच्या (एल आकाराच्या) आडव्या पट्ट्या, रिव्हेट, स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, नायलॉनचे वॉशर, फोमचे ठोकळे आणि मागे गोंद असलेली सहा मिलिमीटर जाडीची ईव्हीए (मऊ, फोमसारख्या प्लास्टिकची) चटई एवढे साहित्य येते. ५०५२ मध्ये मॅग्नेशियम असते आणि पाण्याशी सतत संबंध येणाऱ्या कामात ही जात चांगली टिकते. लहान होड्यांचे तळही बहुधा याच कुळातल्या मिश्रधातूचे असतात. त्यामुळे फ्लोअर आणि तळ एकमेकांना खाणार नाहीत. संचाच्या निवडीतला हा भाग मला सर्वांत पटला.

पत्रे कापून येतात, पण ते एका नमुना होडीच्या मापाने कापलेले असतात. रिव्हेटच्या दोन होड्या एकाच साच्याच्या असल्या तरी वापरात त्यांच्या बाजू थोड्याफार दबलेल्या किंवा फाकलेल्या असतात. मी प्रत्येक तुकड्याचा आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापला, तो होडीत बसवून कंपासने कडेची रेघ ओढली आणि मगच पत्र्याला हात लावला. नाळेकडच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, तुकड्यातून दोन्ही बाजूंनी जवळजवळ बोटभर पट्टी काढावी लागली. बारीक दातांचे पाते लावलेल्या जिगसॉने, पात्याला मेण लावत, हे काम सुबक होते. नंतर कडा कानशीने घासून गोल करणे मात्र टाळू नये, कारण तसाच सोडलेला काठ पुढे पाय तरी कापतो किंवा तळाचा पत्रा तरी. कापताना आणि छिद्रे पाडताना पडलेला धातूचा कीस शेवटच्या कणापर्यंत गोळा करावा. पोलादी ड्रिलचा तुटलेला तुकडा पाण्याखाली ॲल्युमिनियमवर पडून राहिला तर त्याच्याभोवती खड्डा पडायला सुरुवात होते.

माहितीपत्रक पत्र्याच्या कडा होडीच्या बाजूला घट्ट भिडवायला सांगते. तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पातळ पत्र्याची होडी लाटेवर आपटते तेव्हा तिच्या बाजू आत-बाहेर होतात आणि घट्ट बसलेला काठ तिथे करवतीसारखा घासत राहतो. शिवाय ॲल्युमिनियम तापल्यावर बऱ्यापैकी वाढते : तीन मीटर लांबीच्या पट्टीत ४० अंश सेल्सिअसच्या फरकाने पावणेतीन मिलिमीटरची वाढ होते. मी चारी बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर फट ठेवली, काठाला रबराची पट्टी चढवली आणि बोल्टची छिद्रे लांबट केली. त्या फटीतून वरचे पाणीही सहज खाली उतरते, जो आणखी एक मोठा फायदा आहे.

संचाची मुख्य उणीव आधाराच्या पट्ट्यांमध्ये आहे. पत्र्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो; ॲल्युमिनियम लाकडापेक्षा कितीतरी ताठ असले तरी १२ मिलिमीटरचे प्लायवुड २.५ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमपेक्षा वाकायला साधारण दहापट कठीण भरते. म्हणजे प्लायवुड जिथे दोन बरगड्यांमधले अंतर आरामात पेलते, तिथे हा पत्रा लचकतो. संचातल्या पट्ट्या मधल्या भागात ४० सेंटिमीटरवर येतात, आणि पहिल्याच फेरीत तिथे पाय पडला की पत्रा डब्याच्या झाकणासारखा आवाज करत खाली-वर होऊ लागला. उथळ पाण्यात तो आवाज माशांपर्यंत नक्की पोहोचतो. मी त्याच मापाचे आणखी चार अँगल आणून अंतर २० सेंटिमीटरवर आणले, आणि तेव्हापासून पाऊल पडल्यावर फ्लोअर हलत नाही. हे अँगल संचातच असायला हवे होते. ते घातले तर एकूण वजन जेमतेम दोन-तीन किलोंनी वाढले असते.

वजनाचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करतो. ॲल्युमिनियमचे फ्लोअर प्लायवुडपेक्षा हलके असते असे सर्रास मानले जाते. २.५ मिलिमीटरचा पत्रा प्रत्येक चौरस मीटरला पावणेसात किलो भरतो, तर हलक्या लाकडाचे १२ मिलिमीटर मरीन प्लायवुड कोरडे असताना सहा किलोंच्या आसपास. पट्ट्या, बोल्ट आणि चटई धरून माझ्या होडीतले संपूर्ण फ्लोअर सुमारे ३३ किलोंचे झाले. फरक पडतो तो पुढे, कारण प्लायवुड पाणी पिऊन जड होत जाते आणि हा पत्रा पहिल्या दिवशी जेवढा होता तेवढाच राहतो. हे ३३ किलो होडीच्या क्षमतेच्या पाटीवर लिहिलेल्या वजनातून वजा करावेत.

बोल्ट कुठे बसवायचे, याबाबत माहितीपत्रक अतिशय स्पष्ट आहे आणि त्याबद्दल बनवणाऱ्यांचे कौतुक केले पाहिजे. एकही छिद्र तळाच्या पत्र्यात पाडायचे नाही. सगळे फ्लोअर बरगड्यांच्या माथ्यावर आणि बाकड्यांच्या उभ्या बाजूंवर पेलले जाते. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना टेकले तर इथेही ॲल्युमिनियमच झिजते, म्हणून प्रत्येक बोल्टखाली नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना अलगीकरणाची पेस्ट दिलेली आहे. पेस्टची नळी फार लहान आहे आणि ती शेवटच्या दहा-बारा बोल्टना पुरली नाही. दोन हंगामांनंतर पेस्ट लावलेले बोल्ट हाताच्या पान्याने सुटले, न लावलेल्यांपैकी तिघांना झटका द्यावा लागला. गोड्या पाण्यातली ही स्थिती आहे. खाऱ्या पाण्यात जाणाऱ्याने पेस्टची स्वतंत्र नळी घेतल्याशिवाय काम सुरूच करू नये.

आता फोमच्या ठोकळ्यांकडे येतो. ते बंद पेशींचे आहेत आणि पाणी शोषत नाहीत. उन्हाळी हंगामानंतर मी एक ठोकळा तोलून पाहिला, त्याचे वजन वाढलेले नव्हते. माझ्या संचात सुमारे ६० लिटर फोम होता, म्हणजे पाण्यात बुडाल्यावर तो साधारण ५८ किलो उचलून धरतो. पण माहितीपत्रक या आधारावर मधले बाकडे काढून टाकण्याचा पर्याय सुचवते, आणि तो सल्ला मला धोकादायक वाटतो. लहान होडीतले बाकडे दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधून ठेवते, म्हणजे ते होडीच्या सांगाड्याचाच भाग असते, आणि बहुतेक होड्यांत तरंगण्याचा फोमही त्याच्या पोटात भरलेला असतो. तो फोम उंचावर आणि कडेपर्यंत पसरलेला असल्यामुळे पाणी भरलेली होडी सरळ राहायला मदत होते. तेवढाच फोम फ्लोअरखाली गेला तर उचल खालून मिळते आणि पाणी भरलेली होडी पालथी होण्याकडे झुकते. फ्लोअरखालचा फोम ही जादा सोय समजावी आणि बाकडी जागच्या जागी राहू द्यावीत. ठोकळे दिल्या मापाने बसवले तर कण्याजवळची (तळाच्या मधल्या सर्वांत खोल रेषेजवळची) पाण्याची वाटही बुजते. मी त्यांच्या आतल्या कडा कापून मध्ये चार बोटे मोकळी वाट सोडली, तेव्हा कुठे पाणी मागच्या निचऱ्याच्या बुचापर्यंत विनासायास वाहू लागले.

त्या बुचावरचे फ्लोअरमधले झाकण हात जाईल एवढे मोठे हवे होते. बूच फिरवायला दोन बोटे पुरतात, पण तिथे अडकलेले पान किंवा दोऱ्याचा गुंता काढायला पूर्ण हात आत जावा लागतो आणि दिलेल्या भोकातून माझा हात मनगटाशी अडतो.

चटईबद्दल मी आधी साशंक होतो. ईव्हीए ओल्या पायाला घसरू देत नाही, नांगर किंवा पक्कड पडली तर आवाज गिळते आणि पाण्याच्या एका फवाऱ्यात स्वच्छ होते. माशाचे रक्त तासाभरात धुतले तर डाग राहत नाही. दिवसभर वाळू दिले तर राहतो. गळ मात्र तिच्यात रुततो आणि काढताना बारीक तुकडा उपटून येतो. माझ्या बसण्याच्या जागेपुढे असे कितीतरी खाचे पडले आहेत. पेट्रोलच्या टाकीजवळ थेंब सांडले तिथे चटई फुगली आणि तिचा कोपरा सुटला, म्हणून तेवढा भाग कापून मी पत्रा उघडा ठेवला. रंग निवडताना फिकट राखाडी घ्यावा. गडद रंगाचा एक तुकडा मी नाळेकडे लावला होता आणि दुपारी त्यावर अनवाणी उभे राहवत नव्हते. चिकटवण्यापूर्वी पत्रा स्पिरिटने दोनदा पुसावा आणि काम उबदार, कोरड्या दिवशी करावे, कारण थंड पत्र्यावर गोंद धरत नाही.

होडीच्या स्वभावात झालेला बदलही सांगायला हवा. पाय आता कण्यापासून नऊ सेंटिमीटर वर आहेत, तेवढाच काठ पायांच्या तुलनेत खाली गेला आहे आणि उभ्या माणसाचा तोल त्याच प्रमाणात वर सरकला आहे. एकटा असताना हे जाणवत नाही. दोघे एकाच बाजूला उभे राहिलो की होडी पूर्वीपेक्षा लवकर कलते. सपाट तळाच्या रुंद होडीत हा फरक कमी जाणवेल. चार मीटरपेक्षा लहान आणि अरुंद होडीत मात्र फ्लोअर बरगड्यांच्या माथ्यावर थेट टेकवावे, त्याखाली जादा चौकट घालून उंची वाढवू नये.

दुसऱ्या हंगामानंतर फ्लोअर उचलायला मला एकट्याला पाऊण तास लागला. तळ कोरडा होता, जुन्या खड्ड्यांवर मी लावलेला इपॉक्सीचा थर अखंड होता आणि नवीन पांढरी भुकटी कुठेही दिसली नाही. संचाला मी पुन्हा पसंती देईन ती या एका कारणासाठी. एकच गोष्ट खटकली : पट्ट्या जोडणारे रिव्हेट उघड्या तोंडाचे आहेत, त्यांच्या आत पोलादी खिळ्याचा तुकडा अडकून राहतो, आणि आठ रिव्हेटभोवती तांबूस गंजाची कडी उमटलेली होती. ते आठही ड्रिलने काढून त्या जागी बंद तोंडाचे, आतला खिळाही ॲल्युमिनियमचाच असलेले रिव्हेट मारले आहेत. बाकीचे पुढच्या हंगामापूर्वी बदलणार आहे.